लघुमुद्रिका, मैफल आणि ‘पूर्ण कृती’ची कल्पना

१

पाश्चात्त्य लोकप्रिय संगीताचा रसिक वर्ष सरता सरता याद्या करू लागतो. वर्षभरात आपण काय ऐकले, त्यातले काय मनात टिकले आणि काय विरून गेले, याचा तो हिशेब मांडतो. ही प्रथा नियतकालिकांनी रूढ केली असली तरी हौशी रसिकाने ती इतकी आत्मसात केली आहे की वही घेऊन बसलेला एकटा श्रोताही नकळत संपादकाच्या भूमिकेत शिरतो. या याद्यांच्या रचनेत एक गोष्ट वारंवार आढळते. वर्षातील उत्तम दीर्घमुद्रिकांची, म्हणजे ज्यांना ‘अल्बम’ म्हणतात त्यांची, यादी आधी येते आणि क्रमवारी लावून येते. तिच्यामागून एक पुरवणी जोडलेली असते : आवडत्या लघुमुद्रिका आणि मैफलीत मुद्रित झालेल्या ध्वनिमुद्रिका. रसिकांच्या बोलीत सांगायचे तर ‘ई. पी.’ आणि ‘लाइव्ह’.

वरवर पाहता ही केवळ सोयीची मांडणी आहे. परंतु या दोन प्रकारांना एकाच खणात ठेवण्याचे कारण काय, असा प्रश्न विचारला की मांडणीमागची विचारव्यवस्था उघडी पडू लागते. लघुमुद्रिका ही लांबीवरून ठरणारी कोटी आहे. मैफलीचे मुद्रण ही निर्मितीच्या परिस्थितीवरून ठरणारी कोटी आहे. या दोहोंत स्वरूपाचे काहीही साम्य नाही. जे साम्य आहे ते नकारात्मक आहे : दोन्ही ‘पूर्ण कृती’ नव्हेत, असे गृहीत धरलेले आहे. एक आकाराने अपुरी, दुसरी मूळ कृतीची केवळ पुनरावृत्ती. म्हणजे पुरवणीतील या यादीला एकत्र बांधणारे सूत्र यादीच्या बाहेर आहे, आणि ते सूत्र म्हणजे पूर्ण कृतीची एक विशिष्ट कल्पना.

प्रस्तुत लेखात या कल्पनेची तपासणी करायची आहे. त्यासाठी संगीताच्या इतिहासातील एक नेमके वर्ष निवडले आहे : नोव्हेंबर १९९३ ते नोव्हेंबर १९९४. या बारा महिन्यांत अमेरिकेत तीन ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाल्या. जेफ बकली या गायकाची ‘लाइव्ह ॲट शिन-ए’ नोव्हेंबर १९९३ मध्ये, ॲलिस इन चेन्स या वाद्यवृंदाची ‘जार ऑफ फ्लाइज’ जानेवारी १९९४ मध्ये आणि निर्वाणा या वाद्यवृंदाची ‘एम. टी. व्ही. अनप्लग्ड इन न्यूयॉर्क’ नोव्हेंबर १९९४ मध्ये. मधली लघु आहे, शेवटची मैफलीची आहे आणि पहिली लघुही आहे व मैफलीचीही. त्या वर्षाची यादी आज कोणी करू लागला तर या तिन्ही ध्वनिमुद्रिका पुरवणीत जातील. प्रस्तुत लेखकाच्या मते मात्र त्या वर्षाचे मर्म याच पुरवणीत आहे.

हा विषय मराठी समीक्षेच्या नियतकालिकात कशासाठी, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. १९९१ नंतर उपग्रह वाहिन्या आणि कॅसेटी यांच्या वाटेने हे संगीत मराठी शहरांतील तरुणांपर्यंत पोहोचले, हे एक उत्तर आहे. पण ते पुरेसे नाही. खरे उत्तर असे की, लांबीवरून दर्जा ठरवणे आणि प्रयोगाला संहितेपेक्षा गौण मानणे, या दोन्ही सवयी आपल्या समीक्षेतही खोलवर रुजलेल्या आहेत. दुसऱ्याच्या घरात त्या अधिक स्पष्ट दिसतात, इतकेच.

२

लांबीचा प्रश्न प्रथम घेऊ. ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचे संगीत मावत असे. १९४८ साली कोलंबिया कंपनीने ३३⅓ फेऱ्यांची दीर्घमुद्रिका बाजारात आणली. पुढच्याच वर्षी आर. सी. ए. व्हिक्टरने ४५ फेऱ्यांची छोटी तबकडी आणली. या छोट्या तबकडीवर नेहमीपेक्षा जास्त संगीत बसवलेला प्रकार म्हणजे ‘एक्स्टेंडेड प्ले’, अर्थात विस्तारित वादन. नावातला विरोध पाहण्यासारखा आहे. आज ज्या प्रकाराला आपण आखूड म्हणतो, त्याचे जन्मनाव ‘विस्तारित’ असे आहे. एका गाण्याच्या तबकडीच्या तुलनेत तो लांब होता. दीर्घमुद्रिकेच्या तुलनेत तो आखूड ठरला. म्हणजे लघुत्व हा त्याचा गुणधर्म नव्हता. शेजारी कोण उभे आहे, यावरून ते ठरत गेले.

दीर्घमुद्रिका ही सुरुवातीला एक सोय होती : पुष्कळ गाणी एकत्र ठेवण्याची जागा. साठीच्या दशकाच्या उत्तरार्धात तिला कलाकृतीचा दर्जा मिळाला. गाण्यांचा क्रम, वेष्टनावरील चित्र, आरंभ आणि समारोप यांतून एक रचना सिद्ध होते, अशी धारणा रूढ झाली. कादंबरीने जे स्थान गद्यवाङ्मयात मिळवले, ते दीर्घमुद्रिकेने लोकप्रिय संगीतात मिळवले. एकदा हा मानदंड प्रस्थापित झाल्यावर त्याहून आखूड ते सर्व तयारीचे, उरलेसुरलेले किंवा दोन दीर्घमुद्रिकांमधील पोकळी भरणारे ठरले.

मराठी वाचकाला हा युक्तिवाद ओळखीचा वाटेल. भालचंद्र नेमाडे यांनी लघुकथेला दुय्यम वाङ्मयप्रकार ठरवून कादंबरीचे श्रेष्ठत्व प्रतिपादन केले, तेव्हा त्यामागे नियतकालिकांच्या गरजेतून पोसल्या गेलेल्या कथेविषयीचा रास्त संताप होता. मासिकाची पाने आणि दिवाळी अंकाची मागणी यांच्या मापाने कापलेली कथा समग्र जीवनाला भिडत नाही, हे निरीक्षण निराधार नव्हते. परंतु एखाद्या प्रकाराची बाजारातील उत्पत्ती सांगितली म्हणजे त्याची कलात्मक मर्यादा सिद्ध होते का, हा प्रश्न शिल्लक राहतोच. दीर्घमुद्रिकेचा जन्मही बाजारातच झाला आहे. तिची चाळीस-पन्नास मिनिटांची लांबी कोणत्याही जीवनदृष्टीने ठरवलेली नाही. ती तबकडीच्या दोन बाजूंनी ठरवली आहे. तेव्हा उत्पत्तीचा न्याय लावायचा तर तो दोघींना सारखाच लावावा लागेल.

३

‘जार ऑफ फ्लाइज’ची जन्मकथा या संदर्भात उद्‌बोधक आहे. १९९२ सालच्या ‘डर्ट’ या दीर्घमुद्रिकेने ॲलिस इन चेन्सला कीर्ती मिळवून दिली होती. जड, कर्कश, विद्युत्‌गिटारींच्या भिंतीआडून येणारे संगीत ही त्यांची ओळख होती. दौऱ्यावरून सिएटलला परतल्यावर राहते घर हातचे गेलेले होते, म्हणून ही मंडळी लंडन ब्रिज या मुद्रणगृहातच मुक्कामाला गेली. सप्टेंबर १९९३ मध्ये सुमारे आठवडाभरात त्यांनी सात रचना तयार केल्या आणि मुद्रितही केल्या. एकूण लांबी सुमारे ३१ मिनिटे. प्रसिद्ध होताच ही लघुमुद्रिका अमेरिकेतील ‘बिलबोर्ड’च्या अल्बम-यादीत थेट पहिल्या क्रमांकावर आली, लघुमुद्रिकेच्या बाबतीत असे प्रथमच घडत होते.

विक्रीचा हा आकडा आपल्याला फारसा उपयोगी नाही. उपयोगी आहे ती रचना. पहिलीच रचना, ‘रॉटन ॲपल’, जवळजवळ सात मिनिटे चालते. एकतीस मिनिटांच्या कृतीने आपल्या अवकाशाचा जवळजवळ चौथा हिस्सा एका मंद, न घाई करणाऱ्या आरंभासाठी खर्च करावा, ही गोष्ट लक्षणीय आहे. आखूड कृती काटकसरी असते, हा आपला समज येथे ढळतो. त्यानंतरचे ‘नटशेल’ त्याच मंदपणाला अधिक अंतर्मुख करते. तिसऱ्या रचनेत तंतुवाद्यांचा चमू प्रवेश करतो आणि आवाजाचा पट रुंदावतो. चौथीत जेरी कँट्रेल आणि लेन स्टेली यांचे जोडआवाज प्रथमच काहीसे हलके, चालते होतात. पाचवी रचना शब्दहीन आहे. सहावीत कँट्रेलचा एकटा आवाज आणि गिटार यांपासून सुरुवात होऊन पुढे स्टेलीचा आवाज त्या गाण्याचा ताबा घेतो. शेवटची रचना मात्र डोलत्या, जॅझच्या वळणाच्या ठेक्यावर उभी आहे आणि आधीच्या सर्व गांभीर्याला किंचित वाकुल्या दाखवते.

मर्ढेकरांच्या परिभाषेत बोलायचे तर येथे संवादलय आणि विरोधलय यांच्यामधून समतोल साधला जातो, आणि तो साधण्यासाठी सात घटक पुरेसे ठरतात. आठवी रचना जोडली असती तर कृती अधिक पूर्ण झाली असती, असे म्हणता येत नाही. उलट पाचव्या स्थानावरील शब्दहीन रचना दीर्घमुद्रिकेत केवळ विसाव्याची जागा ठरली असती; येथे ती मध्यानंतरचा कणा आहे, कारण तिच्याआधी चार गाणी आहेत आणि तिच्यानंतर दोनच. घटकाचे कार्य समग्रातील स्थानावरून ठरते हे तत्त्व आपण कवितेच्या संदर्भात सहज मान्य करतो. सात गाण्यांच्या ध्वनिमुद्रिकेला ते नाकारण्याचे कारण नाही.

मुद्रिकेच्या नावाची कथाही अर्थपूर्ण आहे. कँट्रेलने शाळकरी वयात माश्यांच्या दोन बरण्यांचा प्रयोग केला होता. एका बरणीतल्या माश्यांना भरपूर खायला घातले, दुसरीतल्यांना कमी. भरपूर खाल्लेल्या माश्यांची संख्या वाढत गेली आणि त्या दाटीनेच मेल्या. अर्धपोटी माश्या वर्षभर तगल्या. कीर्तीच्या शिखरावर असलेल्या वाद्यवृंदाने हे नाव आखूड मुद्रिकेला द्यावे, यात मिताहाराविषयीची एक जाणीव दिसते. तिचा फार मोठा सिद्धान्त करण्याची गरज नाही. पण लघुत्व ही या कृतीची उणीव नसून तिची निवड आहे, या विधानाला नावाची साक्ष मिळते.

४

आता मैफलीच्या मुद्रणाचा प्रश्न. ‘लाइव्ह’ या शब्दाने सूचित होणारी जिवंतपणाची कल्पना जितकी आदिम वाटते तितकी ती नाही. फिलिप ऑस्लँडर यांनी १९९९ सालच्या ‘लाइव्हनेस’ या ग्रंथात दाखवून दिल्याप्रमाणे ध्वनिमुद्रणाच्या आधी ‘प्रत्यक्ष’ संगीत अशी वेगळी कोटी असण्याचे कारणच नव्हते. सगळेच संगीत प्रत्यक्ष होते. मुद्रणाने आधी प्रत आणली आणि मग प्रतीच्या तुलनेत मूळ नावाची गोष्ट अस्तित्वात आली. वॉल्टर बेन्यामिन यांनी यांत्रिक पुनरुत्पादनामुळे कलाकृतीचे तेजोवलय मावळते असे म्हटले होते. मैफलीच्या मुद्रणात मात्र यंत्रच त्या वलयाचे आश्वासन विकू लागते.

हे आश्वासन किती रचलेले असते याचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे जॉनी कॅश यांची ‘ॲट फोल्सम प्रिझन’. जानेवारी १९६८ मध्ये तुरुंगातील कैद्यांसमोर झालेल्या या कार्यक्रमाच्या मुद्रिकेत खुनाचा उल्लेख असलेल्या ओळीनंतर कैद्यांचा जल्लोष ऐकू येतो आणि अंगावर काटा येतो. तो जल्लोष नंतर मुद्रणगृहात जोडलेला होता. म्हणजे या मुद्रिकेचा सर्वांत ‘जिवंत’ क्षण हा संपादनाने निर्माण केलेला आहे.

निर्वाणाची ‘अनप्लग्ड’ मैफल १८ नोव्हेंबर १९९३ रोजी न्यूयॉर्कच्या सोनी म्युझिक स्टुडिओमध्ये मुद्रित झाली. विजेची वाद्ये बाजूला ठेवून गाणे, हे त्या दूरचित्रवाणी-मालिकेचे सूत्र. साधेपणा हेच तिचे अलंकरण. प्रत्यक्षात कर्ट कोबेनची गिटार ध्वनिवर्धकाशी जोडलेली होती आणि तो ध्वनिवर्धक प्रेक्षकांना दिसू नये म्हणून त्याच्यासमोर खोटी पेटी उभारली होती. डिसेंबर १९९३ मध्ये कार्यक्रम प्रक्षेपित झाला तेव्हा त्यातील दोन गाणी वगळली होती. ती मुद्रिकेत परत आली. या तपशिलांनी ही मैफल खोटी ठरते का? मुळीच नाही. मैफलीचे मुद्रण हीदेखील एक रचलेली संहिता आहे, एवढेच त्यांतून सिद्ध होते. आणि संहिता म्हटली की ती वाचता येते.

ती वाचताना पहिली लक्षात येणारी गोष्ट म्हणजे गाण्यांची निवड. चौदांपैकी सहा गाणी दुसऱ्यांची आहेत. व्हॅसलिन्स या स्कॉटिश वाद्यवृंदाचे एक, डेव्हिड बोवीचे एक, मीट पपेट्सची तीन आणि शेवटचे पारंपरिक लोकगीत, लेड बेली या कृष्णवर्णी गायकाच्या मांडणीतले. मीट पपेट्सचे किर्कवुड बंधू स्वतः मंचावर आले आणि आपल्या गाण्यांना साथ करून गेले. ज्या वाद्यवृंदाला एका पिढीचा आवाज म्हणून डोक्यावर घेतले होते, त्याने आपल्या सर्वांत गाजलेल्या गाण्याला फाटा दिला आणि मैफलीचा जवळजवळ अर्धा भाग दुसऱ्यांच्या शब्दांना दिला. यामागे स्वतःच्या कीर्तीपासून दूर सरण्याची जी हालचाल आहे, ती या मैफलीतच घडते. मुद्रणगृहातील कोणत्याही पूर्वकृतीची ती पुनरावृत्ती नाही. या सहा गाण्यांची मुद्रणगृहात घडवलेली निर्वाणाची अशी कोणतीही ‘मूळ’ दीर्घमुद्रिका अस्तित्वात नाही. म्हणजे येथे मैफल हीच मूळ संहिता आहे.

५

येथपर्यंत विवेचन सरळ आहे. पण या तिन्ही मुद्रिकांवर एक सावली आहे आणि तिचा विचार टाळता येणार नाही. कर्ट कोबेनने ५ एप्रिल १९९४ रोजी आत्महत्या केली. मुद्रिका त्यानंतर सात महिन्यांनी आली. जेफ बकली २९ मे १९९७ रोजी मेम्फिसजवळ नदीत बुडून मरण पावला. लेन स्टेलीचा मृत्यू एप्रिल २००२ मध्ये झाला. आज या मुद्रिका ऐकणारा श्रोता हे सर्व जाणूनच ऐकतो. ‘अनप्लग्ड’च्या बाबतीत तर मंचसजावटीचाच पुरावा काढला जातो : पांढरट लिली, काळ्या मेणबत्त्या, झुंबर. ही सजावट अंत्यविधीसारखी हवी का, असे निर्मात्याने विचारल्यावर कोबेनने होकार दिला, ही हकिकत प्रसिद्ध आहे. मग शेवटच्या लोकगीतातील अखेरची किंकाळी ही आत्मविलोपाची घोषणा ठरते आणि संपूर्ण मैफल मृत्युपत्र बनते.

समीक्षेच्या दृष्टीने ही मोठी अडचण आहे. कलावंताचा हेतू हा कृतीच्या मूल्यमापनाचा निकष होऊ शकत नाही, हे विम्सॅट व बिअर्डस्ली यांनी १९४६ मध्ये मांडले. रोलां बार्थ यांनी १९६७ मध्ये लेखकाच्या मृत्यूची घोषणा केली, ती वाचकाला मोकळे करण्यासाठी. कोबेनच्या बाबतीत नेमके उलटे झाले. रूपकातला मृत्यू श्रोत्याला मुक्त करतो. खरा मृत्यू त्याला बांधून टाकतो. प्रत्येक विराम, प्रत्येक खोकला, प्रत्येक विनोद चरित्राचा पुरावा म्हणून ऐकला जातो. आणि या मैफलीत विनोद पुष्कळ आहेत. गाण्यांमधल्या थट्टेत, सहकाऱ्यांशी चाललेल्या कुजबुजीत सहज ऐकू येणारा हलकेपणा मृत्युपत्राच्या वाचनात बहिरा होऊन जातो. पुढे काय होणार हे माहीत असल्यामुळे प्रत्यक्ष काय झाले तेच ऐकू येईनासे होते.

यावर असे म्हणता येईल की, आस्वाद हा नेहमी ज्ञानाच्या चौकटीतच होतो; मृत्यू माहीत असूनही माहीत नसल्यासारखे ऐकणे हा निव्वळ देखावा ठरेल. हा आक्षेप वजनदार आहे. रा. भा. पाटणकर यांनी ‘सौंदर्यमीमांसे’त लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी अशा दोन भूमिकांचा जो ताण दाखवला आहे, तो येथे लागू पडतो. कृतीला जीवनापासून पूर्ण तोडणे शक्य नाही आणि तिला जीवनाचा दस्तऐवज करून टाकले तर ती कृती राहत नाही. मार्ग दोहोंमधून काढावा लागतो. प्रस्तुत लेखकाला तो असा दिसतो : मृत्यूचे ज्ञान विसरायचे नाही, पण त्याला कृतीतील प्रत्येक घटकाचे स्पष्टीकरण होऊ द्यायचे नाही. दुसऱ्यांची सहा गाणी निवडणारा कलावंत मरणाकडे चालला होता असे म्हटले की विषय संपतो. तो आपल्या आवडत्या, कमी नावाजलेल्या कलावंतांना श्रोत्यांपुढे आणत होता असे म्हटले की ऐकणे सुरू होते. दुसरे विधान अधिक फलदायी आहे, कारण ते मैफलीतील अधिक तपशिलांना सामावून घेते. फुलांचा अर्थ पहिले विधान सांगू शकते. किर्कवुड बंधूंची उपस्थिती त्याला सांगता येत नाही.

‘लाइव्ह ॲट शिन-ए’ची कथा याच प्रश्नाची दुसरी बाजू दाखवते. शिन-ए हे न्यूयॉर्कच्या ईस्ट व्हिलेजमधील एक लहानसे कॉफीगृह. आयरिश भाषेत या नावाचा अर्थ ‘हेच ते’, ‘झाले’ असा होतो. तेथे एकटा जेफ बकली आपली विद्युत्‌गिटार घेऊन गात असे. १९९३ च्या मुद्रिकेत चारच रचना होत्या : दोन स्वतःच्या, एक एदिथ पियाफची फ्रेंच, एक व्हॅन मॉरिसनची. पुढच्या वर्षी येणाऱ्या ‘ग्रेस’ या दीर्घमुद्रिकेआधी गायकाची ओळख करून देणे हा कंपनीचा उद्देश उघड होता. पण चार रचनांमधून निर्माण होते ते एका आवाजाच्या शक्यतांचे चित्र. व्हॅन मॉरिसनचे आखूड गाणे येथे दहा मिनिटांपर्यंत ताणले जाते, शब्द विरघळून निव्वळ स्वर उरतो आणि गाणे संपेल असे वाटत असताना ते पुन्हा आकार घेते. भारतीय श्रोत्याला यात आलापीची आठवण झाली तर ती अनाठायी नाही.

याचा पुरावा दहा वर्षांनी पुढे आला. २००३ मध्ये, बकलीच्या मृत्यूनंतर, याच मुद्रिकेची दोन तबकड्यांची विस्तारित आवृत्ती निघाली. तीत नुसरत फतेह अली खाँ यांच्याविषयीचे त्याचे भरभरून बोलणे आहे आणि त्यांची एक कव्वाली त्याने उर्दू शब्दांनिशी गायलेली आहे. अभ्यासकाला ही आवृत्ती अमोल आहे. परंतु ती आल्यावर मूळ चार रचनांची मुद्रिका ‘अपुरी’ ठरली, आणि येथेच सावध व्हायला हवे. दस्तऐवज म्हणून विस्तारित आवृत्ती श्रेष्ठ आहे; कृती म्हणून चार रचनांची निवड श्रेष्ठ आहे. लेखकाच्या मृत्यूनंतर त्याची टिपणे, खर्डे, पत्रे छापून निघतात तेव्हा मराठीतही हाच पेच पडतो. खर्डा उपलब्ध झाल्याने कविता अधिक समजू शकते. पण खर्डा म्हणजे कविता नव्हे. ‘हेच ते’ असे नाव असलेल्या जागी गायलेल्या चार गाण्यांना ‘आणखीही होते’ असे सांगून आपण काही मिळवतो आणि काही गमावतोही.

६

या सर्व चर्चेला आपल्याकडील एक प्रतिवाद उपलब्ध आहे आणि तो निर्णायक आहे. हिंदुस्थानी संगीताच्या परंपरेत पूर्ण कृतीची व्यवस्थाच उलटी आहे. तेथे मैफल हेच मूळ. मुद्रणगृहातील तबकडी हा तिचा संक्षेप. १९०२ मध्ये कलकत्त्यात फ्रेड गैसबर्गने गौहरजानचे गाणे मुद्रित केले तेव्हापासून पुढची अनेक दशके रागसंगीताला तीन मिनिटांच्या चौकटीत बसावे लागले. तासभर मांडायचा राग तीन मिनिटांत मांडणे ही विटंबना आहे, असे अनेक थोर गायकांना वाटले. काहींनी मुद्रणाकडे पाठ फिरवली. आणि तरीही अब्दुल करीम खाँ यांच्या तीन मिनिटांच्या तबकड्या ऐकून पिढ्या घडल्या. त्यांच्या झिंझोटीतील ठुमरीच्या तबकडीने बालपणी भीमसेन जोशी झपाटले गेले, हे सर्वश्रुत आहे. त्या तबकडीत राग अपुरा आहे, असे तक्रारीच्या सुरात कोणी म्हणत नाही.

केसरबाई केरकर यांचे उदाहरण तर विलक्षण आहे. गोव्यातील केरीच्या या गायिकेची सारी कीर्ती मैफलीवर उभी होती आणि ध्वनिमुद्रणाविषयी त्या नाखूष होत्या. १९७७ मध्ये अमेरिकेने व्हॉयेजर यानांवर पृथ्वीवरील संगीताची सुवर्णतबकडी पाठवली. ती निवड हीदेखील एक यादीच होती. कार्ल सेगन यांच्या गटाने केलेली सत्तावीस रचनांची. तीत भारताच्या वाट्याला आलेली रचना म्हणजे केसरबाईंची साडेतीन मिनिटांची भैरवी. त्याच वर्षी १६ सप्टेंबरला, दुसरे यान निघाल्यानंतर काही दिवसांनी, केसरबाई निवर्तल्या. मैफलीच्या गायिकेचा आवाज सूर्यमालेच्या बाहेर गेला तो एका लघुमुद्रिकेच्या रूपात.

या उदाहरणावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. एक, लघुत्व आणि प्रत्यक्षता यांचे गौणत्व निसर्गसिद्ध नाही. ते विशिष्ट परंपरेने आणि विशिष्ट बाजारव्यवस्थेने दिलेले आहे. पाश्चात्त्य लोकप्रिय संगीताने मुद्रणगृहातील दीर्घमुद्रिकेला मूळ मानले म्हणून मैफल तिथे प्रत झाली. आपण मैफलीला मूळ मानले म्हणून तबकडी प्रत झाली. दोन, प्रत मानली गेलेली वस्तूही मूळ कृतीइतकी स्वयंपूर्ण असू शकते. केसरबाईंची भैरवी ऐकताना आपण एका मोठ्या मैफलीची उणीव ऐकत नाही. समोर जे आहे तेच ऐकतो.

७

आता यादीकडे परत येऊ. रसिकाची वार्षिक यादी ही समीक्षा आहे का? क्रमांक देणे हे मूल्यमापन नव्हे, आणि ‘मला आवडले’ हे विधान निकषांशिवाय उभे असते, हा आक्षेप खरा आहे. यादी कारणे देत नाही. पण यादी एक काम करते, जे पुष्कळदा समीक्षा करत नाही : ती गौण ठरवलेल्या गोष्टींना नावानिशी जागा देते. पूर्ण कृतीच्या मानदंडात न बसलेले, तरी विसरता न येणारे असे जे काही असते, ते रसिक पुरवणीत टाकतो. त्याचा सिद्धान्त त्याला मर्यादा घालतो. त्याचा कान ती मर्यादा ओलांडतो. पुरवणी ही या दोहोंतील विसंगतीची नोंद असते. समीक्षकाचे काम ही विसंगती मिटवण्याचे नाही, ती गांभीर्याने घेण्याचे आहे.

आज तबकडीच्या दोन बाजू उरलेल्या नाहीत. संगीत महाजालावरून वाहत येते आणि त्याला लांबीची भौतिक मर्यादा नाही. अशा काळात आखूड असणे ही सक्ती राहत नाही, तो पूर्णपणे निर्णय होतो. म्हणून लघुमुद्रिकेच्या रचनेचा विचार आता पूर्वीपेक्षा अधिक निकडीचा आहे. मैफलीच्या मुद्रणाबाबतही तेच. प्रत्येकाच्या खिशात मुद्रणयंत्र असताना काय टिपले गेले याला महत्त्व उरत नाही. त्यातून काय निवडले आणि कोणत्या क्रमाने मांडले, याला येते.

मराठी समीक्षेपुरता यातून निघणारा निष्कर्ष साधा आहे. आपण कथेला कादंबरीच्या मापाने मोजतो, कीर्तनाला आणि काव्यवाचनाला छापील संहितेच्या मापाने मोजतो, आणि मग त्या मापात जे मावत नाही ते परिशिष्टात ढकलतो. वाङ्मयेतिहासाच्या परिशिष्टांतून एकदा हिंडून येण्याची गरज आहे. त्यांत काय सापडेल हे आधी सांगता येत नाही. मात्र १९९३-९४ या एका वर्षाची पुरवणी उघडली तर तीत एकतीस मिनिटांची एक पूर्ण कृती, दुसऱ्यांच्या गाण्यांनी भरलेली एक मूळ संहिता आणि कॉफीगृहातील चार गाणी सापडतात. मुख्य यादीत त्या वर्षी काय होते, ते मुद्दाम आठवावे लागते.